जुन्या रेडियल इंजिनासाठी हलका अल्टरनेटर निवडताना वजनाच्या आधी काय तपासावे?

ऐरोलीकर (धागाकर्ता)

नमस्कार. माझा आतेभाऊ कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर पाण्यावर उतरणाऱ्या विमानांच्या देखभालीचे काम करतो. त्याच्याकडे डी हॅविलँड कॅनडाचे बीव्हर विमान आहे आणि त्याला प्रॅट अँड व्हिटनीचे आर-985, म्हणजे वॉस्प ज्युनिअर हे इंजिन आहे. हे रेडियल, म्हणजे सिलिंडर वर्तुळात मांडलेले इंजिन: नऊ सिलिंडर, साधारण 16 लिटर घनफळ, मिनिटाला 2300 फेऱ्यांना 450 अश्वशक्ती, आणि प्रोपेलर थेट क्रँकशाफ्टवर (इंजिनाच्या मुख्य दांड्यावर), मध्ये गिअर नाही. विद्युत यंत्रणा 24 व्होल्ट बॅटरीची, म्हणजे चार्जिंग सुमारे 28 व्होल्टला. इंजिनाच्या पाठीमागच्या पॅडवर, म्हणजे इंजिनाच्या गिअरने फिरणाऱ्या उपकरण बसवण्याच्या जागेवर, मूळचा डीसी जनरेटर आहे. तो जड आहे, त्याचे ब्रश वारंवार बदलावे लागतात आणि मुख्य म्हणजे इंजिन मंद चालत असताना तो काहीच देत नाही.

शेवटचा मुद्दा नीट सांगतो, कारण या विमानाच्या बाबतीत खरी अडचण तीच आहे. पाण्यावरच्या विमानाला ब्रेक नसतात. इंजिन सुरू झाले की विमान पुढे सरकू लागते, त्यामुळे धक्क्यापासून उड्डाणाच्या जागेपर्यंत आणि उतरल्यावर परत धक्क्यापर्यंत इंजिन अगदी कमी फेऱ्यांवर ठेवावे लागते. त्या सगळ्या वेळात जनरेटरचा दाब (व्होल्टेज) बॅटरीपेक्षा कमी असतो, उलट प्रवाह रोखणारा रिले उघडा राहतो आणि रेडिओ, दिवे, उपकरणे बॅटरीवरच चालतात. त्यात उड्डाणे लहान पल्ल्याची. स्टार्टरने खाल्लेली वीज भरून निघण्याआधीच पुढचा स्टार्ट येतो आणि दुपारपर्यंत बॅटरी उतरते.

भावाने दोन-तीन विक्रेत्यांची माहितीपत्रके पाठवली आहेत. सर्वांत वर मोठ्या अक्षरांत वजन आणि त्याखाली ॲम्पिअर छापलेले आहेत. मी महापे येथे मोटार आणि जनरेटर यांच्या चाचणीच्या कामात आहे, त्यामुळे विद्युत बाजू मला समजते. विमानाच्या पॅडची बाजू तितकी नाही. माझे आजचे मत असे आहे की वजनावरून निवड करणे चुकीचे ठरेल आणि पॅड किती वेगाने फिरते हा पहिला प्रश्न असला पाहिजे. जाणकारांनी यावर सविस्तर लिहावे ही विनंती.

कोपरीकर

धागाकर्त्यांचा रोख योग्य आहे. मी परवानाधारक विमान देखभाल अभियंता म्हणून निवृत्त झालो आहे. माझ्या उमेदवारीच्या काळात पिस्टन इंजिनांवर काम करायला मिळाले. रेडियल इंजिने आता आपल्या देशात फारशी उरलेली नाहीत. हवाई दलाच्या व्हिंटेज फ्लाइटमध्ये 2018 साली जे डकोटा विमान दाखल झाले, त्यावरची चौदा सिलिंडरची ट्विन वॉस्प इंजिने ही या वॉस्प ज्युनिअरची थोरली भावंडे.

अशा प्रत्येक इंजिनाचे टाइप सर्टिफिकेट डेटा शीट, म्हणजे मान्यतेचे अधिकृत माहितीपत्र, असते आणि त्यात ॲक्सेसरी ड्राइव्हचा, म्हणजे जोड-उपकरणे फिरवणाऱ्या पॅडांचा, तक्ता असतो. तो तक्ता समोर ठेवल्याशिवाय कोणत्याही विक्रेत्याशी बोलू नये. त्यात पॅड कोणत्या दिशेने फिरते, क्रँकशाफ्टच्या किती पट वेगाने फिरते, सतत किती टॉर्क घेता येतो, क्षणिक किती टॉर्क सोसतो आणि पॅडवर टांगलेल्या वजनाचा जास्तीत जास्त मोमेंट (वजन गुणिले अंतर) किती चालतो, हे सगळे दिलेले असते.

टांगलेल्या मोमेंटकडे लोक सर्रास दुर्लक्ष करतात. यंत्र हलके आहे म्हणजे पॅडवरचा ताण कमीच असणार, असे गृहीत धरले जाते. 10 किलोचा जनरेटर असेल आणि त्याचा गुरुत्वमध्य पॅडपासून 14 सेंटीमीटरवर असेल, तर मोमेंट 140 किलो-सेंटीमीटर होतो. आता 6 किलोचा अल्टरनेटर घ्या, पण तो बसवण्यासाठी मध्ये जाड ॲडॅप्टर घाला आणि गुरुत्वमध्य 22 सेंटीमीटरवर जाऊ द्या. मोमेंट 132 येईल. वजन 4 किलोने कमी झाले आणि पॅडच्या स्टडना त्याचा जवळजवळ काहीच लाभ झाला नाही. शिवाय लांब यंत्र इंजिन माउंटच्या नळीला, मॅग्नेटोच्या (ठिणगीसाठी स्वतः वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या) तारांना किंवा तेलाच्या नळीला भिडते का, हे कागदावर कळत नाही. रेडियल इंजिन रबरी बुशांवर बसवलेले असते आणि सुरू होताना व बंद होताना चांगलेच हलते, म्हणून मोकळी जागा इंजिन स्थिर असतानाची धरू नये.

वागळे इस्टेट वाइंडर

माझे वाइंडिंगचे काम आहे. विमानाचा माझा संबंध नाही, पण मशीन कोणतेही असो, नेमप्लेटवरचा ॲम्पिअरचा आकडा कोणत्या वेगाचा आहे हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

बाजारात जे हलके अल्टरनेटर मिळतात, त्यांतील बरेचसे मुळात मोटारगाडीच्या घडणीचे असतात. गाडीत क्रँकची पुली मोठी आणि अल्टरनेटरची लहान असते, त्यामुळे तो इंजिनाच्या अडीच ते तीन पट वेगाने फिरतो. गाडी सिग्नलला 800 फेऱ्यांवर उभी असली तरी अल्टरनेटर 2000 च्या वर असतो आणि हमरस्त्यावर 6000 च्या पुढे जातो. नेमप्लेटवरचा आकडा त्या वरच्या वेगाचा असतो. आता या रेडियल इंजिनाकडे पाहा. पॅडचे गुणोत्तर उदाहरणापुरते दीडपट धरले, तर 600 फेऱ्यांच्या मंद चालीला अल्टरनेटर फक्त 900 फेऱ्यांवर असेल आणि 1900 फेऱ्यांच्या प्रवासी चालीला 2850 वर. म्हणजे ज्या वेगाला गाडीचा अल्टरनेटर नुकता जागा होतो, तो याचा सर्वसाधारण वेग झाला. त्यातून 28 व्होल्टची मागणी. तीच गुंडाळी 14 ऐवजी 28 व्होल्टला लावली तर चार्जिंग सुरू होण्यासाठी साधारण दुप्पट वेग लागतो.

यावर उपाय म्हणून स्टेटरची (अल्टरनेटरच्या स्थिर भागाची) गुंडाळी बदलता येते. वेढे वाढवले की कमी वेगाला दाब तयार होतो. पण खाचेतली जागा तेवढीच असल्याने तार बारीक घ्यावी लागते. वेढे दुप्पट केले तर चार्जिंग निम्म्या वेगाला सुरू होते आणि वरच्या वेगाला मिळणारा कमाल प्रवाहही निम्म्यावर येतो. हा व्यवहार टळत नाही. त्यामुळे कोणी हलक्या अल्टरनेटरसाठी "मंद चालीलाही चार्जिंग आणि वर 70 ॲम्पिअरही" असे सांगत असेल, तर त्याच्याकडून वेग आणि प्रवाह यांचा आलेख मागून घ्यावा, तोही गरम अवस्थेतला. थंड अल्टरनेटर पहिली काही मिनिटे नेहमीच जास्त देतो.

जुन्या जनरेटरबद्दलही दोन शब्द लिहितो. ब्रश लवकर झिजतात म्हणून जनरेटरलाच दोष देण्याआधी कम्युटेटर, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा फिरता भाग, पाहावा. तांबे झिजते आणि मधला मायका तसाच राहतो, मग तो पट्ट्यांच्या वर उभा राहून ब्रश खरवडतो. लेथवर कम्युटेटर साफ करून करवतीच्या पात्याच्या तुकड्याने मायका पाऊण मिलिमीटरभर खाली घेतला आणि कडा मोडल्या की ब्रशांचे आयुष्य कितीतरी वाढते. बोट फिरवले की समजते: चांगला कम्युटेटर गुळगुळीत लागतो आणि त्याचा रंग चहासारखा तपकिरी असतो, काळा, खरखरीत लागला तर काम बाकी आहे.

खारघर प्रशिक्षणार्थी

मी विमान देखभालीचा अभ्यासक्रम करत आहे. सर्वांच्या प्रतिसादांतून खूप शिकायला मिळाले. दोन शंका आहेत.

पहिली शंका अशी की, जनरेटरच्या लोखंडात थोडे चुंबकत्व शिल्लक असल्याने बॅटरी पूर्ण उतरली तरी तो स्वतः उभा राहू शकतो, परंतु अल्टरनेटरच्या फिरत्या फील्डला (चुंबकत्व तयार करणाऱ्या गुंडाळीला) सुरुवातीला बॅटरीकडून प्रवाह लागतो. मग दूरच्या तळ्यावर बॅटरी पूर्ण बसली, तर अल्टरनेटर हा जास्त धोक्याचा पर्याय ठरत नाही का? दुसरी शंका: कायम चुंबकाचे लहान अल्टरनेटर मिळतात, ज्यांना ब्रशही नसतात आणि फील्डचा प्रवाहही लागत नाही. जुन्या जायरो उपकरणांना हवेच्या ओढीने फिरवणाऱ्या व्हॅक्यूम पंपाच्या प्रमाणित एएनडी-20000 पॅडवर बसणारे असे नगही असतात. विमानात इलेक्ट्रॉनिक जायरो बसवले असतील आणि व्हॅक्यूम पंप काढला असेल, तर तो पॅड रिकामाच असतो. जड जनरेटर पूर्ण काढून त्यावरच भागवता येणार नाही का?

ऐरोलीकर (धागाकर्ता)

दोन्ही शंका मोलाच्या आहेत. पहिल्या शंकेबाबत: इंजिनाचे प्रज्वलन मॅग्नेटोवर असल्याने चार्जिंग गेले म्हणून इंजिन थांबत नाही. पण रेडिओ आणि उपकरणे जातात, आणि बॅटरी पूर्ण बसलेली असताना केवळ अल्टरनेटरच्या भरवशावर ती परत उभी राहील असे धरून चालता येत नाही. म्हणून ज्यांची विमाने वस्तीपासून दूर उतरतात, त्यांनी बॅटरीची क्षमता वरचेवर मोजणे हा या बदलाचाच भाग मानला पाहिजे.

दुसऱ्या शंकेचे उत्तर लोडच्या हिशेबात आहे. भावाकडून उपकरणांची यादी घेऊन 28 व्होल्टला हिशेब मांडला. रेडिओ ऐकताना अर्धा ॲम्पिअर, ट्रान्सपॉन्डर (रडारला विमानाची ओळख कळवणारे यंत्र) 1, जीपीएस 1, इंजिनाची उपकरणे अर्धा, पिटो हीटर (वेगमापक नळीवर बर्फ साचू न देणारा) 4, एलईडी लँडिंग दिवा 2, बाकीचे एलईडी दिवे 2. बेरीज 11 ॲम्पिअर. रेडिओवर बोलताना आणखी 3, म्हणजे 14. सततचा लोड क्षमतेच्या 80 टक्क्यांच्या आत ठेवण्याचा प्रघात धरला, तर साडेसतरा ॲम्पिअरचे यंत्र लागेल. स्टार्टनंतर बॅटरी भरण्यासाठी 10 ॲम्पिअर वेगळे ठेवले, तर 24 ला 30 ॲम्पिअर होतात.

यावरून दिसते की प्रवासी चालीला खरोखर 30 ते 35 ॲम्पिअर देणारे यंत्र पुरेसे आहे आणि 70 ॲम्पिअरच्या मागे लागण्याचे कारण नाही. व्हॅक्यूम पॅडवरचे लहान कायम-चुंबकी यंत्र पूर्ण वेगाला 20 ॲम्पिअर देणारे असले, तरी या इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर त्यातले बरेच कमी हाती लागतील. राखीव म्हणून ते उत्तम आहे. वारंवार स्टार्ट घेणाऱ्या या विमानाचा मुख्य स्रोत म्हणून मला ते अपुरे वाटते. ज्या हौशी मालकाच्या बायप्लेनमध्ये (दुहेरी पंखांच्या लहान विमानात) फक्त रेडिओ आणि ट्रान्सपॉन्डर आहे, त्याच्यासाठी मात्र ते एकटेही पुरावे.

टॉर्कचाही हिशेब केला. 28 व्होल्ट आणि 30 ॲम्पिअर म्हणजे 840 वॉट. कार्यक्षमता 55 टक्के धरली तर शाफ्टवर सुमारे 1530 वॉट लागतात. 2850 फेऱ्यांना त्याचा टॉर्क 5 न्यूटन-मीटरच्या आसपास येतो. हेच 30 ॲम्पिअर 1500 फेऱ्यांना काढायचे ठरवले, तर टॉर्क 10 च्या जवळ जातो. म्हणजे कमी वेगाला जास्त देणारे यंत्र पॅडच्या गिअरवर तेवढाच जास्त भार टाकते. कोपरीकरांनी सांगितलेल्या तक्त्यातला सतत टॉर्कचा आकडा याच्याशी ताडून पाहावा लागेल.

वागळे इस्टेट वाइंडर

वेग कमी पडतो म्हणून काही जण अल्टरनेटरच्या तोंडाशी वेग वाढवणारे गिअर घालतात असे ऐकून आहे. त्याने मंद चालीचा प्रश्न सुटेल. पण रोटरच्या (अल्टरनेटरच्या फिरत्या भागाच्या) जडत्वाचा विचार करावा. गिअरने वेग जितका पट वाढतो, त्याच्या वर्गाच्या पटीत रोटरचे जडत्व पॅडला जाणवते. वेग दुप्पट केला तर जडत्व चौपट. पॅडचे मूळ दीडपट धरून एकूण तिप्पट झाले, तर क्रँकशाफ्टला ते नऊपट जाणवेल.

कोपरीकर

हे फार महत्त्वाचे आहे. नऊ सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या एका फेरीत साडेचार स्फोट होतात. वरच्या वेगाला हे धक्के एकमेकांत मिसळतात. मंद चालीला मात्र क्रँकशाफ्ट प्रत्येक स्फोटाला पुढे उसळतो आणि मग रेंगाळतो. पॅडवरचा जड रोटर त्या उसळीला साथ देत नाही, आणि गिअरचे दात एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला आपटत राहतात. सुरू होताना इंजिनाने उलटा झटका दिला तर सर्वांत मोठा आघात तेव्हा बसतो. यासाठीच चांगल्या यंत्राच्या शाफ्टमध्ये मुद्दाम बारीक केलेला भाग किंवा लवचीक जोड असतो. आघात झाला तर तो तुकडा तुटावा आणि इंजिनातले गिअर वाचावेत, अशी ती योजना असते. ज्या अल्टरनेटरला असा भाग नाही, तो कितीही हलका असला तरी मी तो पॅडवर बसवू देणार नाही. दाताचा एक कण तेलात गेला की प्रकरण संपूर्ण इंजिन उघडण्यापर्यंत जाते.

तेलाचा मुद्दा राहिला. पॅडच्या ऑइल सीलमधून तेल झिरपून अल्टरनेटरमध्ये गेले, तर स्लिप रिंग आणि ब्रश यांच्यावर चिखल जमतो. ॲडॅप्टरला तेल बाहेर सोडणारे भोक खालच्या बाजूला आहे का, हे पाहून घ्यावे.

गुरुत्वमध्याबद्दलही लिहितो. जनरेटर इंजिनाच्या मागे पण विमानाच्या गुरुत्वमध्याच्या बराच पुढे असतो. तिथून 6 किलो कमी केले आणि अंतर दीड मीटर धरले, तर 2300 किलोच्या बीव्हरचा गुरुत्वमध्य सुमारे 4 मिलिमीटर मागे सरकेल. तोच बदल 900 किलोच्या लहान बायप्लेनवर केला तर 1 सेंटीमीटर सरकेल. बीव्हरला हे सहज सोसेल, बायप्लेनला सोसेलच असे नाही, विशेषतः मागच्या आसनावर भारी माणूस बसणार असेल तर. बदलानंतर वजनाचा तक्ता नव्याने करून विमानाच्या कागदपत्रांत घालणे हे दोघांनाही बंधनकारक आहे.

कागदपत्रांचे म्हणाल, तर कॅनडात नोंदलेल्या विमानाला ट्रान्सपोर्ट कॅनडाने मान्य केलेला सप्लिमेंटल टाइप सर्टिफिकेट (मूळ रचनेतल्या बदलाची मान्यता) असलेला संच घेणे हाच सरळ मार्ग आहे. आपल्याकडे असे विमान असते तर डीजीसीएच्या सीएआर-21 खाली मान्यता घ्यावी लागली असती. संच घेताना त्या सर्टिफिकेटमध्ये इंजिनाचे मॉडेल आणि विमानाचे मॉडेल ही दोन्ही आहेत का, हे वाचून घ्यावे. इंजिन जुळते आणि विमान यादीत नाही, असे प्रसंग येतात.

खारघर प्रशिक्षणार्थी

जुना रेग्युलेटर तसाच ठेवता येईल का? आणि उलट प्रवाह रोखणारा रिले?

ऐरोलीकर (धागाकर्ता)

रिले पूर्ण काढता येतो, कारण अल्टरनेटरचे डायोड प्रवाहाला उलट जाऊ देत नाहीत. तेवढे वजन आणखी कमी होते. रेग्युलेटर मात्र बदललाच पाहिजे. जुना रेग्युलेटर जनरेटरचा दाब आणि प्रवाह या दोन्हींवर नियंत्रण ठेवतो, तर अल्टरनेटरचा कमाल प्रवाह त्याच्या स्वतःच्या गुंडाळीमुळे मर्यादित राहतो आणि रेग्युलेटरला फक्त दाब सांभाळायचा असतो.

त्यासोबत जादा दाबाचे संरक्षण हवेच. रेग्युलेटर आतून शॉर्ट झाला तर फील्डला पूर्ण प्रवाह मिळतो आणि 28 व्होल्टच्या यंत्रणेत दाब बेसुमार चढतो. नवा रेडिओ आणि जीपीएस तेवढ्यात जातात. 32 व्होल्टच्या आसपास फील्डचा प्रवाह तोडणारा स्वतंत्र मॉड्यूल बसवावा आणि फील्डला चालकाच्या हाताशी वेगळा ब्रेकर द्यावा. अल्टरनेटरकडे जाणारी जाड तार बॅटरीच्या बाजूने सदैव जिवंत असते, म्हणून तिचा करंट लिमिटर (जादा प्रवाह तोडणारा फ्यूज) बसबारच्या, म्हणजे वीज वाटणाऱ्या मुख्य पट्टीच्या, जवळ असावा. ती तार इंजिनमागच्या गरम जागेत घासली तर आग लागू शकते.

वागळे इस्टेट वाइंडर

हवेचे विसरू नका. मूळ जनरेटरला बाहेरून हवा आणणारी नळी असते. अल्टरनेटरच्या डायोडना तिची जास्त गरज आहे, कारण सिलिंडरवरून आलेली गरम हवाच मागे पोहोचते. अल्टरनेटर कोणत्याही दिशेने फिरवला तरी वीज देतो, पण वाकड्या पात्यांचा पंखा उलट फिरला तर हवा नीट खेचत नाही. दिशा विचारून पंखा घ्यावा. समुद्राच्या हवेत डायोडच्या प्लेटला हिरवट थर येतो; खाडीकाठच्या पंपांच्या मोटारी माझ्याकडे त्याच अवस्थेत येतात. स्टेटरला दोनदा वार्निश देऊन भट्टीत सुकवलेला आहे का, हेही विचारावे.

ऐरोलीकर (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री भावाशी सविस्तर बोलणे झाले आणि निर्णय पुढीलप्रमाणे ठरला आहे.

माहितीपत्रकांतला सर्वांत हलका नग आम्ही बाजूला ठेवला. तो गाडीच्या घडणीचा आहे, त्याचे 60 ॲम्पिअर 6000 फेऱ्यांचे आहेत आणि शाफ्टमध्ये तुटणारा भाग नाही. वेग वाढवणारे गिअर असलेला नगही वगळला. जो उरला तो पहिल्यापेक्षा दोन किलोने जड आहे, त्याचा स्टेटर कमी वेगासाठी गुंडाळलेला आहे, जोड लवचीक आहे आणि सर्टिफिकेटच्या यादीत इंजिन व विमान दोन्ही आहेत. त्याच्या विक्रेत्याकडे गरम अवस्थेतला आलेख, पॅडपासून गुरुत्वमध्याचे अंतर, पंख्याची दिशा आणि वार्निशची माहिती लेखी मागितली आहे. 900 फेऱ्यांना तो किती देतो, हा प्रश्न वेगळा विचारला आहे. धक्क्यापर्यंतच्या मंद चालीत निदान रेडिओ आणि ट्रान्सपॉन्डरचे दीड ॲम्पिअर निघाले, तरी बॅटरीवरचा भार बराच हलका होईल.

उत्तर समाधानकारक येईपर्यंत जुना जनरेटर काढायचा नाही. तोवर वाइंडर साहेबांनी सांगितल्याप्रमाणे त्याचा कम्युटेटर तपासून, गरज असेल तर तिथल्या मान्यताप्राप्त दुकानातून मायका खाली घेऊन तो चालू ठेवायचा, आणि दर पंधरवड्याला बॅटरीची क्षमता मोजायची. विक्रेत्याचा आलेख आला की तो इथेच टाकतो. पॅडच्या तक्त्यातील टॉर्कशी तो ताडून पाहण्यासाठी कोपरीकरांनी वेळ द्यावा, ही विनंती.

कोपरीकर

अवश्य. आलेखासोबत डेटा शीटचे ॲक्सेसरी ड्राइव्हचे पानही टाका, आणि भावाला इंजिनावरच्या प्लेटचा फोटो काढायला सांगा. आर-985 च्या वेगवेगळ्या मॉडेलांत मागच्या भागाची रचना एकसारखी नसते, त्यामुळे पॅडचे गुणोत्तर त्याच्या नेमक्या मॉडेलसमोरचेच वाचले पाहिजे.